संधिवाताचं पथ्य मी तपासून पाहिलं

सांधे धरले की आपल्याकडे औषधाच्या आधी पथ्य घरात येतं. माझे रक्ताचे रिपोर्ट लॅबमधून यायचे होते, तोवरच वांगं, बटाटा, टोमॅटो, हरभऱ्याची डाळ, वाटाणा, पावटा, चिंच, दही, ताक, केळं आणि भात एवढं सगळं मला बंद झालं होतं. सांगणारा प्रत्येक जण मायेनंच सांगत होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "वांगं वातूळ असतंय, शिवू बी नको." शेजारच्या काकूंनी आंबट सोडायला लावलं. माहेरहून आईचा फोन आला, भात बंद कर. या कुणाबद्दल माझी तक्रार नाही. पण या यादीतलं खरं किती आणि माझ्या सांध्यांना लागू किती, हे शोधायला मला बराच काळ लागला. त्या शोधात जे हाती आलं ते संधिवात झालेल्या बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगावं, असं फार वाटतं.

दुखणं सुरू झालं बोटांपासून. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो आणि आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी लागते. पीठ मळताना तळव्याचा जोर लागतो, पण थापताना बोटं सरळ आणि जुळलेली राहावी लागतात. माझी बोटं सरळच होईनात. मधल्या पेराचे आणि मुठीचे सांधे फुगलेले, दोन्ही हातांचे, अगदी जोडीनं. सकाळची भाकरी मधे जाड राहायची आणि कडा चिरायच्या. संध्याकाळची मात्र बऱ्यापैकी जमायची. मी हे डॉक्टरांना सहज सांगितलं, तर त्यांनी तेच उचलून धरलं. झिजेचं दुखणं कामानं वाढतं आणि बसलं की कमी होतं. सुजेचं दुखणं याच्या उलट असतं: रात्रभराच्या विश्रांतीनंतर सांधे आखडतात आणि हालचाल सुरू झाली की सुटतात, त्यालाही तासाभराहून जास्त वेळ लागतो. अंगातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे रक्तातले आकडे वाढलेले होते, या आजाराची खूण असलेली अँटी-सीसीपी तपासणी पॉझिटिव्ह आली. निदान झालं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, तो हा आजार. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन-तीन पट जास्त दिसतो.

आठवड्यातून एकदाच घ्यायची, प्रतिकारशक्ती शांत करणारी मेथोट्रेक्सेट, तिच्यासोबत फॉलिक ॲसिड, रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सुरुवातीला थोडे दिवस स्टेरॉइडची बारकी गोळी, अशी औषधं सुरू झाली. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, धीर धरा, हेही त्याच दिवशी सांगितलं. मी विचारलं, "डॉक्टर, पथ्य काय?" ते म्हणाले, "दारू नाही, तंबाखू नाही. बाकी चौरस आणि पोटभर जेवा." घरी हे कुणाला पटलं नाही. एवढा मोठा वाताचा आजार आणि पथ्य नाही, हे आत्याबाईंच्या मनाला रुचेना. त्यामुळे औषधं डॉक्टरांची आणि ताट घरच्या यादीचं, असं सुरू राहिलं.

त्या ताटात काय उरलं होतं, तर भाकरी, दोडका, दुधी, पातळ मुगाचं वरण आणि दोन-तीन वेळा चहा. वजन उतरलं. सांधे थोडे हलके वाटत होते, पण जिना चढताना धाप लागायची. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९ च्या घरात आलं आणि डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं.

त्या मॅडमनी आधी काहीच सांगितलं नाही. "उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं ते सांगा, चहाबरोबरचं बिस्किटसुद्धा," म्हणाल्या आणि लिहून घेत राहिल्या. शेवटी कागद माझ्याकडे फिरवून विचारलं, "यात तुमच्या स्नायूंसाठी काय आहे?" तेव्हा कळलं की अंगात सूज धुमसत असते तेव्हा शरीर स्वतःचे स्नायू जाळत असतं. सांध्याला आधार देणारा स्नायूच बारीक झाला तर भार पुन्हा सांध्यावर. अशा वेळी डाळ आणि कडधान्य ताटातून काढणं म्हणजे दुबळ्याला आणखी दुबळं करणं. हिमोग्लोबिनचंही तसंच. सूज असेपर्यंत शरीर लोह साठ्यात अडकवून ठेवतं, रक्त तयार करायला सहज देत नाही. त्यात मी जेवण झालं की लगेच चहा घेणारी. चहामुळे अन्नातलं लोह शोषलं जाणं बरंच कमी होतं. मॅडमनी चहा जेवणापासून तासभर लांब नेला, पालेभाजीवर लिंबू पिळायला लावलं आणि लोहाची गोळी व कॅल्शियमची गोळी एका वेळी न घेता वेगवेगळ्या वेळेला घ्यायला सांगितली. लिंबू म्हटल्यावर मी दचकलेच. आंबट तर बंद होतं!

"हे बंद कुणी केलं?" त्यांनी विचारलं. मग एकेका पदार्थाचा माग लागत गेला. डाळींचा माग आमच्याच गल्लीत निघाला. आमच्या पलीकडच्या काकांना युरिक ॲसिडचा त्रास आहे. मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकतो, त्यांना डाळी आणि पालक सोडायला सांगितलेलं. त्यांचं पथ्य दोन घरं ओलांडून माझ्या ताटात आलं होतं. त्यांचा आजार गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठणं. माझ्या सांध्यात खडे नाहीत. आणि गाउटमध्येसुद्धा डाळींवरचा आरोप तितकासा टिकत नाही. २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १२ वर्षं केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मटण-मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउटचा धोका वाढलेला दिसला, प्युरिन (ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं) असलेल्या भाज्यांनी मात्र तो वाढला नाही. दूधदुभतं घेणाऱ्यांचा धोका उलट कमी होता. काकांना मी हे सांगितलं आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावलं. ते आता आमटी खातात, रविवारचं मटण आणि कलेजी त्यांनी आवरती घेतली आहे.

आमच्या घरात तिसरं दुखणं आत्याबाईंच्या गुडघ्यांचं. ते झिजेचं. त्यांना वांग्यानं काही होत नाही आणि वांगं सोडूनही काही होत नाही. त्यांच्यासाठी वजन हीच मोठी गोष्ट. गुडघ्याच्या रुग्णांवरच्या २००५ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की एक किलो वजन कमी झालं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं उतरतो. हे मी आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या गप्प बसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या चहाबरोबरची खारी बंद झाली. त्यांचा हा स्वभाव मला फार आवडतो. पटलं की त्या मागेपुढे बघत नाहीत.

आता माझ्या यादीकडे. मॅडम म्हणाल्या, "तुमचे सगळे संशयित पदार्थ आधीच बंद आहेत. आता औषधाचा डोस स्थिर आहे, तर एकेक परत आणून बघा." याला आधार आहे. १९९१ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांना आधी सात ते दहा दिवसांचा देखरेखीखालचा उपास, मग काही महिने दूध, मांस आणि गहू नसलेला शाकाहार, आणि नंतर दुधासह शाकाहार दिला. नवा पदार्थ एका वेळी एकच, दर दोन दिवसांनी. दोन दिवसांत दुखणं वाढलं तर तो काढायचा, काही दिवसांनी पुन्हा द्यायचा, आणि पुन्हा दुखलं तरच कायमचा बंद. आहार बदललेल्या गटाचं दुखणं आणि सूज कमी झाली आणि वर्षभर तो फरक राहिला. मात्र तो प्रयोग छोटा होता, पन्नासेक रुग्णांचा, आणि खाणारा काय खातोय हे त्याला माहीतच असतं. मला उपास करायची परवानगी नव्हती, आधीच वजन कमी होतं. मी फक्त एकेक पदार्थ परत आणायची रीत उचलली.

नोंदी ठेवल्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. सकाळी बोटं सुटायला किती मिनिटं लागली, मूठ पूर्ण वळली का, बरणीचं झाकण उघडलं का, झोप कशी लागली, काल काम किती होतं, पाऊस होता का. पदार्थाचं नाव सगळ्यात शेवटी. झोप आणि काम लिहायचा आग्रह मॅडमचा होता. तेव्हा मला ते जास्तीचं वाटलं, पुढे सगळ्यात उपयोगी तेच ठरलं.

सुरुवात वांग्यापासून केली, कारण सगळ्यात जास्त बोलणी त्यालाच बसतात. कपिलतीर्थ मार्केटमधून काटेरी वांगी आणली, शेंगदाण्याचं कूट आणि घरची चटणी घालून भरलं वांगं केलं, दोन्ही वेळा पोटभर खाल्लं. आत्याबाई सकाळी माझ्याआधी उठून स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. "मूठ वळ बघू," म्हणाल्या. वळली, आदल्या दिवशीइतकीच. दुसऱ्या दिवशीही तेच. मग टोमॅटो, मग बटाटा. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची ही सगळी एकाच कुळातली. यांनी सांधे सुजतात असं इंग्रजीतही खूप लिहिलं जातं, पण माणसांवरच्या अभ्यासातून तसा ठोस पुरावा मिळालेला नाही. कोल्हापूरच्या घरात मिरचीवर बंदी आणायची म्हटलं तर उन्हाळ्यात कांडून आणलेली वर्षभराची चटणी कुठे ठेवायची हाच प्रश्न, तेव्हा हे मला मोठंच सुख वाटलं. चिंचेची आमटी, ताक, दही, केळं, हरभऱ्याची डाळ सगळं एकापाठोपाठ परत आलं. वाटाण्यानं पोट फुगलं, सांध्यांना काही झालं नाही. रात्रीचं दही मी अजून टाळते, तेही घसा बसतो म्हणून.

मटणाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. आषाढात त्र्यंबोली देवीची यात्रा असते, गल्लोगल्ली मटण शिजतं. आमच्याकडे त्या दिवशी पाहुणे-रावळे धरून वीस-पंचवीस पानं उठतात. दुसऱ्या दिवशी माझी बोटं काठीसारखी झाली, मूठ अर्धी सुद्धा वळेना. सगळ्यांचं एकमत झालं, मटण बाधलं. मीही नोंदीत तसंच लिहिणार होते. पण वरच्या रकान्यात काय होतं ते वाचलं. आदल्या दिवशी पहाटे उठणं, सुकं खोबरं किसणं, कांदा-खोबरं भाजून वाटणं, पांढऱ्या रश्शासाठी नारळाचं दूध पिळून काढणं, ढीगभर भाकऱ्या थापणं, रात्री बारापर्यंत भांडी, आणि झोप चार तास. नारळाचं दूध पिळायला जो पिळा द्यावा लागतो तो नेमका मनगटावर आणि बोटांच्या मुळांवर येतो. म्हणून पुढे एका निवांत रविवारी आमच्या ह्यांनी मटण आणलं, लेकीनं ते शिजवलं, भाकऱ्या दोघींनी मिळून केल्या आणि मी तेवढंच मटण, तेवढाच तांबडा रस्सा खाल्ला. सोमवारी सकाळी बोटं नेहमीसारखीच.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी बायकांचे सांधे सुजतात आणि दोष रश्शाला जातो, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं. मटण रोज खाण्याची वस्तू नाही, त्यातली चरबी हृदयाला बरी नाही. शिवाय ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांहून जास्त असतो, म्हणून आमच्याकडे ते महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आलं आहे. पण आषाढात आता घरच्यांनी काम वाटून घेतलं. नारळाचं दूध मिक्सरवर काढून फडक्यातून ह्यांनी पिळायचं, भाकऱ्या दोन घरच्या बायकांनी करायच्या. माझ्या मते कुठल्याही पथ्यापेक्षा मला या वाटणीनं जास्त आराम मिळाला.

माझ्यापुरतं खरंच बाधलेलं निघालं ते एकच, आणि ते कुणाच्याच यादीत नव्हतं. मक्याचं कणीस. रंकाळा तलावावर पावसात भाजलेलं कणीस, लिंबू-तिखट लावून, माझं फार आवडीचं. खाल्लं की दुसऱ्या दिवशी सकाळचा आखडलेपणा लांबायचा. आधी वाटलं पावसाची हवा असेल. मग पावसाळा सरल्यावर, चांगलं ऊन असताना, घरी उकडून खाल्लं. तरी तेच. महिनाभर सोडून पुन्हा खाल्लं, पुन्हा तेच. मका मी सोडला. माझ्या ओळखीत याच आजाराच्या दोघी-तिघी आहेत, त्या मजेत कणीस खातात, म्हणून मका वाईट असं मी कुणाला सांगत नाही. प्रत्येकीचं वेगळं असू शकतं, आणि कुणाकुणाचं काहीच निघत नाही.

काढण्याचं झालं, आता घालण्याचं. मॅडमचा सगळा भर यावरच होता. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये ऱ्हुमॅटॉइडसाठी आहार-व्यायामाच्या शिफारशी केल्या. त्यात आहाराची एकच पद्धत सुचवली आहे, भूमध्य समुद्राकाठच्या लोकांसारखी: भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे आणि ऑलिव्ह तेल जास्त, मासे बेतानं, साखर आणि कारखान्यात बनलेले पदार्थ कमी. इतर नावाजलेले आहार आणि पूरक गोळ्या यांची शिफारस त्यांनी केलेली नाही. हे ऐकल्यावर माझी लेक ऑलिव्ह तेलाच्या किमती बघायला लागली. मॅडमनी अडवलं. घाण्याच्या शेंगदाणा तेलातही त्याच जातीची चरबी भरपूर असते, फक्त हात आवरता ठेवा, म्हणाल्या. बाकीचं तर आमच्याकडेच होतं. मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, मेथी, चाकवत, तांबडा माठ, शाळूची भाकरी. स्टेरॉइडमुळे हाडातलं कॅल्शियम कमी होतं म्हणून नाचणीची आंबील सकाळी सुरू केली. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. नाचणी आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, गगनबावडा-राधानगरी भागात पिकते. आंबिलीत ताक असतं. ज्या ताकावर बंदी होती तेच आता रोज पोटात जातं.

माशांचं थोडं शिकावं लागलं, कारण आमचं घर मटणाचं. मासा आमच्याकडे क्वचित. पण माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ या चरबीनं ऱ्हुमॅटॉइडमधलं दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा थोडा कमी होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. तेही दोन-तीन महिने सातत्यानं घेतल्यावर, आणि अभ्यासांमधली मात्रा दिवसाला सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे आठवड्यातून दोनदा मासा खाऊन मिळते त्याहून बरीच जास्त. म्हणून मी माशाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवली नाही. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासेच यात सरस, पापलेट-सुरमईच्या मागे लागायची गरज नाही. कोकणातून घाट चढून मासळी आपल्याकडे येतेच. तळण्याऐवजी कोकम घालून आमटी करते. श्रावणात मासा बंद, तेव्हा जवसाची चटणी. जवसातही ओमेगा-३ असतं, पण ते वेगळ्या जातीचं. शरीर त्यातला अगदी थोडाच भाग माशातल्यासारखा बदलून घेतं. तरी भाकरीबरोबर ती चटणी छान लागते आणि पोटालाही बरी, म्हणून बारा महिने डब्यात असते.

हळदीचं दूध तर सांगणाऱ्यांनी इतकं सांगितलं की विचारू नका. शेजारी सांगली हळदीचं गाव, हळद चांगलीच मिळते. हळदीत कर्क्युमिन हे तिचं मुख्य द्रव्य असतं ते वजनाच्या साधारण तीन टक्के, आणि तेही अंगात फारसं शोषलं जात नाही, मिरपूड घातली की जास्त शोषलं जातं. अभ्यासांत दिलेला अर्क स्वयंपाकातल्या चमच्यापेक्षा कितीतरी कडक असतो. मी भाजी-आमटीत हळद घालते, मिरपूडही घालते, गोळ्या घेत नाही.

दुधाबद्दल मात्र एक गोष्ट कोल्हापूरकरांना मुद्दाम सांगायला हवी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणं ही आपल्याकडची जुनी रीत. अशक्तपणा आला म्हणून आमचे हे मला तिकडे घेऊन जायला निघाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतात. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे जनावरांचे आजार माणसात येऊ शकतात, आणि ब्रुसेलोसिसमध्येही सांधेच दुखतात. दूध प्या, पण उकळून. म्हशीचं दूध आमच्याकडे आहेच, ते उकळून, साय काढून घेते.

स्टेरॉइड चालू होतं तेव्हा सगळ्यात जास्त फरक मिठानं पडला, हे मला नोंदीत स्पष्ट दिसलं. लोणचं, पापड, फरसाण खाल्लेल्या दिवसानंतर सकाळी डोळ्यांखाली आणि घोट्यांवर सूज. ती सांध्याची सूज नव्हती, पाणी धरलेलं होतं. पण अंगठी रुतायची आणि मला वाटायचं आजार वाढला. गोळी बंद झाल्यावर तो त्रासही गेला. खर्डा मात्र मी तेव्हाही खाल्ला, मीठ कमी आणि लसूण जास्त घालून.

गुळवेलीच्या काढ्याबद्दल मला सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि हे मी कळकळीनं सांगते. मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. पण यकृतावर ताण देऊ शकणारं एक औषध आधीच चालू असताना, तेही प्रतिकारशक्ती शांत करण्यासाठी दिलेलं असताना, ती वाढवते म्हणून प्यायला जाणारी वेल मी डॉक्टरांना न विचारता का घ्यावी? तसंच बाजारात वाताची म्हणून मिळणाऱ्या, वर काहीच न लिहिलेल्या पुड्यांचं. दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण आला तर आत स्टेरॉइड असू शकतं, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे.

उपासाचाही प्रश्न होता. मी अंबाबाईचा शुक्रवार धरते. मेथोट्रेक्सेट गुरुवारी रात्री घ्यायचे, आणि शुक्रवारी रिकाम्या पोटी मळमळ इतकी की दिवस अंथरुणात जायचा. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी गोळीचा वार बदलून रविवार दिला. रविवारी रात्री पोटभर जेवून गोळी, सोमवारी हलकं आणि वेळेवर जेवण, फॉलिक ॲसिड ठरलेल्या दिवशी. शुक्रवारी साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दूध. उपास सोडावा लागला नाही, मळमळ गेली.

आज माझं हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे, सीआरपी आटोक्यात आहे, सकाळी बोटं सुटायला पाव तासाच्या आत वेळ लागतो. यातलं औषधाचं किती आणि जेवणाचं किती? सांध्यांची सूज औषधानं उतरवली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला लागला तेव्हा मी दोडका-भाकरीच खात होते आणि तरी बोटं मऊ पडायला लागली होती. जेवणानं मला ताकद परत दिली, धाप घालवली, गेलेलं वजन आणलं. माशाचा, जवसाचा सांध्यांवर थोडा परिणाम असेलही, माझ्या नोंदीत तो वेगळा काढता येत नाही.

कुणाला हे करून बघायचं असेल तर औषधाचा डोस निदान दोन-तीन महिने न बदललेला असू द्या, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही. डॉक्टरांना आधी सांगा. एका वेळी एकच पदार्थ, दोन दिवस थांबून. बाधला असं वाटलं तर आठवडाभरानं पुन्हा खाऊन बघा, आणि शेजारी कालची झोप आणि कालचं काम नक्की लिहा. डाळ, दूध, अंडं यांतलं काही सोडावं लागलंच तर त्याच्या जागी काय खायचं ते आधी ठरवा आणि मगच सोडा.

आत्याबाईंनी परवा मंडईतून स्वतः वांगी आणली. त्यांचा वातावरचा विश्वास तसा अजून गेलेला नाही. "तुला चालतंय न्हवं, मग झालं," एवढंच म्हणाल्या आणि शेंगा भाजायला घेतल्या.